अंडकोशाचे जुनाट दुखणे : माझा अनुभव

डाव्या बाजूच्या हर्नियाची, जाळी बसवून केलेली शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली होती. त्यामुळे वर्षभराने डाव्या वृषणात मंद ठणका सुरू झाला, तेव्हा या दोहोंचा संबंध असेल असे माझ्याच काय, पहिल्या डॉक्टरांच्याही मनात आले नाही. बसून काम करताना दुखणे वाढे आणि आडवे झाल्यावर उतरे. सूज, ताप किंवा लघवीला जळजळ यांपैकी काहीही नव्हते. कळ अचानक आणि असह्य असती, सोबत उलट्या होत असत्या, तर वृषणाला पीळ पडल्याची शक्यता धरून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे लागले असते, कारण अशा वेळी साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच वृषण वाचण्याची आशा बरीच असते. माझे दुखणे तसे नव्हते. ते महिनोन्‌महिने रेंगाळणारे होते.

नागपूरच्या युरोलॉजिस्टांनी (मूत्ररोगतज्ज्ञांनी) आधी लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारी चाचणी) केले, मग कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहही दाखवणारी सोनोग्राफी. (रिसेप्शनवर सगळ्यांदेखत ‘काय त्रास आहे?’ असे विचारतात तेव्हा ‘जांघेत दुखते’ एवढेच तोंडून निघते. ही पद्धत रुग्णालयांनी बदलायला हवी.) मनातली मोठी भीती कर्करोगाची होती. त्याची गाठ बहुधा टणक आणि न दुखणारी असते, आणि सोनोग्राफीत तसे काही दिसले नाही. वृषणामागच्या अधिवृषणाला, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या नळीला, जंतुसंसर्ग किंवा क्षयाची सूज नव्हती. मूत्रनलिकेत खाली अडकलेल्या खड्याची कळ वृषणात उतरू शकते, म्हणून मुतखडाही पाहिला; तोही नव्हता. लहानपण चंद्रपूर जिल्ह्यात गेल्यामुळे हत्तीरोगाचीही शंका काढली गेली. त्याचे जंतू रक्तात प्रामुख्याने रात्री फिरतात, म्हणून रात्री दहानंतर बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला गेला. तोही अहवाल निर्दोष आला.

सापडले ते व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातील फुगलेल्या शिरा. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सुचवली. ती घाई मला पटली नाही, म्हणून मी दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सांगितले की, सुमारे 15 टक्के पुरुषांमध्ये अशा शिरा असतात, त्या बहुतेक डाव्या बाजूलाच असतात आणि अनेकांना आयुष्यभर त्यांचा काहीही त्रास होत नाही. तेव्हा अहवालात दिसलेली गोष्ट म्हणजेच दुखण्याचे कारण, असे आधीच धरून चालता येत नाही.

त्यांनी मला उभे करून, मग झोपवून तपासले. कापसाचा बोळा मांडीच्या आतल्या बाजूने वर फिरवला, तेव्हा उजवीकडे स्पर्श नीट कळला आणि डावीकडे बधिर वाटले. मग शस्त्रक्रियेच्या जुन्या व्रणावर त्यांनी बोटाच्या टोकाने टिचकी मारली, आणि कळ झणकन थेट अंडकोशात उतरली. इतके अहवाल घेऊन फिरलो, पण तो व्रण तोवर कोणी बोटाने चाचपला नव्हता. जांघेतून अंडकोशाच्या पुढच्या भागापर्यंत जाणारी एक नस असते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर ती व्रणाच्या किंवा जाळीच्या आसपासच्या घट्ट ऊतींत अडकू शकते, असे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले.

खात्रीसाठी सोनोग्राफीत पाहत कमरेच्या हाडाजवळ त्या नसेभोवती भूल देणारे इंजेक्शन दिले. ‘थोडा वेळ थांबा आणि मग खुर्चीत ताठ बसून पाहा,’ असे ते म्हणाले. बसलो, आणि ठणका नव्हता. भुलीचा अंमल ओसरल्यावर तो परत येणार हे त्यांनी आधीच बजावले होते, आणि तो आलाही. पण दुखण्याचे मूळ कुठे आहे हे आता ठरले होते. व्हेरिकोसीलला हात लावण्याचे कारण उरले नाही. पुढे स्टेरॉइड मिसळून तेच इंजेक्शन पुन्हा घेतले आणि रात्री नसांचे दुखणे कमी करणारी गॅबापेंटिनची गोळी सुरू झाली. तिने सुरुवातीला दिवसाही गुंगी येई, म्हणून मात्रा हळूहळू वाढवली. आता दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण कार्यालयात सलग बसता येते. पुन्हा बळावले तर ती नस शस्त्रक्रियेने कापण्याचा पर्याय डॉक्टरांनी सांगून ठेवला आहे.