तुकडा मूळ आयनापेक्षा जड!

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे आयनांचं वस्तुमान मोजणारं यंत्र. त्यात एम/झेड (वस्तुमान भागिले प्रभार) 841 वरचा आयन ट्रॅपमध्ये, म्हणजे आयन पकडून ठेवणाऱ्या भागात, वेगळा काढून फोडला, तर 946 आणि 1051 वर दोन बुटके पीक (आलेखातले सुळके). एकच प्रभार असलेल्या आयनाचा तुकडा त्याच्याहून वर दिसणार कसा? आधी संशय सिरिंजमधल्या जुन्या नमुन्यावर गेला. धुऊन नुसता द्रावक सोडला. तिथे काहीच नव्हतं.

नमुना सेरीन या अमिनो आम्लाचा. 10.5 मिलिग्रॅम एल-सेरीन, निम्मं मिथेनॉल-निम्मं पाणी 10 मिलिलिटर, 0.1 टक्का ॲसेटिक आम्ल. सिरिंज पंप मिनिटाला 5 मायक्रोलिटरवर. आठ सेरीन आणि एक प्रोटॉन यांचा पुंज 841.35 ला येतो, शेजारच्यांपेक्षा चांगलाच उंच. पर्ड्यू विद्यापीठातल्या ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने 2001 मध्ये त्याच्यावर लिहिलं, तेव्हापासून तो प्रसिद्ध आहे. मला हवं होतं तो फुटताना 736 (एक सेरीन गेलं) आणि 631 (दोन गेली) यांचं प्रमाण.

नेहमीच्या स्कॅनमध्ये 841 म्हणजे एकच जाड ठोकळा. झूम स्कॅन (छोटा पट्टा बारकाईने बघणारा) घेतला तेव्हा 841.35 आणि 842.35 यांच्या मधोमध, 841.85 वर, एक पीक डोकावलं. समस्थानिकांची (एखादा अणू एका एककाने जड असलेल्या रूपांची) पीक एरवी एकाच्या अंतरावर येतात; इथे अंतर अर्धं, म्हणजे प्रभार दोन: 16 सेरीन, दोन प्रोटॉन. वस्तुमान दुप्पट, प्रभारही दुप्पट, त्यामुळे जागा तीच.

16 सेरीनमध्ये 48 कार्बन, त्यातला एखादा जड कार्बन-13 असण्याची शक्यता बरीच, म्हणून 841.85 चं पीक त्या पुंजाच्या पहिल्या पीकच्या साधारण 0.6 पट असतं. माझ्याकडे ते 841.35 च्या 12 टक्के होतं. म्हणजे 841.35 मधला पाचवा हिस्सा या पाहुण्याचा.

हा 16 चा पुंज फुटतो तेव्हा दोन्ही तुकडे एकेक प्रभार घेऊन जातात. 9 आणि 7: 946, 736. 10 आणि 6: 1051, 631. मला मोजायचे दोन्ही पीक भेसळीचे! आणि 8-8 असा तुटला तर तुकडेही 841 वरच, फुटल्याचा पत्ताच नाही.

द्रावण दहापट पातळ केलं तर 841 च मरगळलं. मग ट्यूब लेन्सचं (ट्रॅपच्या आधी आयनांना ढकलणाऱ्या भागाचं) व्होल्टेज पाच-पाचने वाढवलं, 841.85 बेसलाइनमध्ये बुडेपर्यंत. मोठा पुंज ट्रॅपच्या आधीच फुटतो. (त्यातली 8-8 ची पिल्लं 841 मध्ये मिसळतातच, त्याला इलाज नाही.) दर वेळी कोलिजन ऊर्जा (ट्रॅपमध्ये आयन फोडायला दिलेली ऊर्जा) शून्यावर ठेवूनही एक स्कॅन घेतला, 841 आपोआप तर फुटत नाही ना हे बघायला.

946 गेलं, 1051 गेलं. आधीच्या तीन दिवसांच्या मोजणीत झूम स्कॅनच नव्हता, भेसळ वजा करणार कशी? ती मोजणी बाद केली.