त्या रविवारी मी का रडले

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बँकेतल्या सहकाऱ्यांचं हे विचारून झालंय, सासरच्या माणसांनी विचारलंय, परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीतही विचारणा झाली. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाला, तेव्हा तू ढसाढसा रडलीस म्हणे. कोल्हापूरच्या बाईचं त्या स्कॉटिश म्हाताऱ्याशी नातं तरी काय?

आधी एक दुरुस्ती करते. बातमी आली त्या दिवशी, म्हणजे बुधवारी, ८ मे २०१३ ला, मी रडले नव्हते. आदल्या रात्रीपासून कुजबुज होती, पण क्लबनं अधिकृत जाहीर केलं ते तिकडच्या सकाळी, आपल्याकडे डबे उघडायच्या वेळेला. भावाचा फोन आला. मी म्हटलं, थांब, हा माणूस पुन्हा मन बदलेल. कारण त्यानं ते एकदा केलं होतं. २००१-०२ च्या हंगामानंतर निवृत्त होणार असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं आणि त्या हंगामात संघाची पकड सुटल्यासारखी झाली. आर्सेनल या दुसऱ्या क्लबनं तर ओल्ड ट्रॅफर्ड या आमच्या घरच्या मैदानावर येऊन, आमच्या अंगणात, इंग्लंडच्या लीगचं विजेतेपद पक्कं केलं. तेही ८ मे ला. त्याआधीच घरी त्याच्या बायकोनं, कॅथीबाईंनी, आणि मुलांनी त्याला समजावलं होतं, की तू घरी बसून करणार काय? आणि फेब्रुवारी २००२ मध्ये त्यानं निर्णय फिरवला. आधी जाहीर करणं ही चूक होती, असं नंतर तो स्वतःच म्हणाला. म्हणून २०१३ ला त्यानं शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही.

या वेळचं कारण कळलं ते त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र आल्यावर. कॅथीची बहीण ब्रिजेट वारली होती. दोघी बहिणी सख्ख्या मैत्रिणींसारख्या. बायको एकटी पडली हे त्यानं पाहिलं आणि नाताळच्या सुमारास त्याचं मनाशी ठरलं. जिनं अकरा वर्षांपूर्वी त्याला घरी बसू दिलं नाही, तिच्याचसाठी तो या वेळी घरी बसला. साडेसव्वीस वर्षं ज्याच्या घराचा विचार कुणी चाहत्यानं केला नव्हता, त्याला घर होतं, हे मला ते वाचताना पहिल्यांदा जाणवलं.

त्या बुधवारी मँचेस्टरमध्ये लोक न ठरवता ओल्ड ट्रॅफर्डपाशी जमत होते. मैदानाबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, हाताची घडी घातलेला. तो सहाच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१२ मध्ये उभारला होता. मैदानातल्या प्रेक्षकांच्या एका स्टँडला त्याचं नाव त्याच्याही आधी एक वर्ष दिलेलं. माणूस कामावर असतानाच त्याचा पुतळा उभा, आणि लोक त्या पुतळ्यापाशी येऊन उभे राहिलेले. टीव्हीवर ते बघताना मला मयताघरी गेल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला. तो धडधाकट होता. एकाहत्तर वर्षांचा होता आणि क्लबला नुकतीच विसावी लीग जिंकून देऊन बसला होता.

सगळेच हळहळले असंही नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं, तेव्हा काही जुन्या चाहत्यांनी ओल्ड ट्रॅफर्ड सोडलं आणि स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. फर्ग्युसननं नव्या मालकांविरुद्ध तोंड उघडलं नाही, याचा त्यांच्या मनात सल होता. त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. ज्याच्यावर जीव टाकला त्यानं आपली बाजू घेतली नाही, हे लागतंच.

मग मी रडले कधी? चार दिवसांनी, रविवारी, १२ मे ला. ओल्ड ट्रॅफर्डवरचा त्याचा शेवटचा सामना स्वान्सीबरोबर होता. आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला. मी सुटीला माहेरी कोल्हापुरात होते. बाबा, भाऊ आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. ऐंशी मिनिटं उलटून गेली तरी एक-एक बरोबरी, आणि मग आमच्या रिओ फर्डिनांडनं विजयाचा गोल मारला. सामना संपल्यावर फर्ग्युसन हातात माइक घेऊन मैदानाच्या मधोमध उभा राहिला. लिहून काही आणलेलं नव्हतं, तसं त्यानं सांगितलंही. खेळाडूंचे आभार, निवृत्त होणाऱ्या पॉल स्कोल्सला निरोप, आजारपणाशी झगडणाऱ्या डॅरेन फ्लेचरला शुभेच्छा. आणि मग तो म्हणाला की आमचे वाईट दिवस होते तेव्हा क्लब माझ्या पाठीशी उभा राहिला, माझी माणसं उभी राहिली, खेळाडू उभे राहिले. आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायचं, हे तुमचं काम.

तिथे मला रडू फुटलं. त्या वाक्याला. त्याच्या जाण्याला नाही.

का, हे कळायला १९८९ माहीत हवं. मी तेव्हा लहान होते. हे मी मोठी झाल्यावर वाचून वाचून गोळा केलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो आला तेव्हा बावीस संघांच्या लीगमध्ये युनायटेड एकविसावा होता. पहिलाच सामना ऑक्सफर्डकडून दोन-शून्य हरला. तीन वर्षं झाली तरी एक कप नाही. लीग तर १९६७ पासून जिंकलेली नव्हती. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीनं पाच-एक असं धुतलं. आणि ९ डिसेंबरला क्रिस्टल पॅलेसकडून घरच्या मैदानावर हरताना एका चाहत्यानं चादरीवर रंगवून फलक धरला. तीन वर्षं सबबी ऐकतोय, खेळ मात्र अजून टुकारच, टाटा फर्गी, असा त्याचा मजकूर. असं लिहिणारा काही एकटा नव्हता. स्टेडियममधल्या हजारोंच्या मनातलं त्यानं फडक्यावर उतरवलं होतं.

पण क्लबच्या संचालक मंडळानं त्याला काढलं नाही. तरुण खेळाडूंची यंत्रणा तो मुळापासून उभी करतोय, हे बॉबी चार्ल्टनसारख्या संचालकांना दिसत होतं. जानेवारीत एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर आमच्या मार्क रॉबिन्सनं एक गोल केला, संघ पुढे गेला, पुढे जातच राहिला, आणि मे १९९० मध्ये अंतिम सामना पुन्हा खेळवावा लागल्यावर तो कप जिंकला. समोर तेच क्रिस्टल पॅलेस. युनायटेडबरोबरच्या त्याच्या अडतीस ट्रॉफींमधली ही पहिली. लीग यायला आणखी तीन वर्षं लागली. म्हणजे साडेसहा वर्षं. नंतरच्या तेरा लीग सगळ्यांना पाठ असतात, ही साडेसहा वर्षं कुणी मोजत नाही. १९९९ च्या बार्सिलोनातल्या रात्री, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, जर्मनीच्या बायर्नविरुद्ध शेवटच्या तीन मिनिटांत आमच्या शेरिंगहॅम आणि सोलशायरचे दोन गोल झाले, आपल्याकडे पहाटेचे दोन वाजलेले, भावानं माझं तोंड दाबलं होतं कारण आई झोपली होती. तो आनंद मी जन्मात विसरणार नाही. पण त्या आनंदाचं बी कुणीतरी डिसेंबर १९८९ मध्ये दम धरला म्हणून रुजलं होतं.

आमच्या बाबांना इंग्रजी समजत नाही. फुटबॉल मात्र त्यांना आमच्याहून जास्त समजतो. ते आमच्या पेठेच्या तालीम मंडळाच्या संघात खेळलेले, नंतर कमिटीवर. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, की आमच्याकडे फुटबॉल टीव्हीवरून आलेला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. तर बाबांनी विचारलं, "काय म्हणाला गं म्हातारा? रडतीस कशापायी?" मी मराठीत सांगितलं. ते बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागायचं त्ये मागितलं त्यानं. पर देणार हाईत का लोकं?"

आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती. आमच्या मंडळाचा जुना कोच वयानं थकून घरी बसला, तेव्हा त्याच्याच हाताखालचा एक पोरगा त्यांनी त्या जागी आणला. तीन सामने गेले. गॅलरीतून शिव्या सुरू झाल्या. त्या गॅलरीत बाबाही होते. चौथ्या सामन्याआधी कमिटीनं त्याला काढला आणि बाबांनी त्या बाजूनं हात वर केला. "त्यो पुढं कवाच मैदानावर आला न्हाई," एवढंच बाबा म्हणाले आणि उठून आत गेले. भावानं टीव्हीचा आवाज कमी केला.

पुढच्या रविवारी फर्ग्युसनचा अगदी शेवटचा सामना झाला, वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर. युनायटेडचा मॅनेजर म्हणून त्याचा पंधराशेवा. आम्ही पाच-दोन असे पुढे असताना पाच-पाच झाले, त्यांच्या लुकाकूनं उत्तरार्धात तीन गोल घातले. मी तो सामना अर्धवट लक्षानं पाहिला. माझं मन नव्या मॅनेजरकडे, डेव्हिड मॉयेसकडे लागलं होतं.

मॉयेसला एव्हर्टन क्लबहून आणलं होतं, सहा वर्षांच्या करारावर. तिथे त्यानं अकरा वर्षं काढलेली. फर्ग्युसनसारखाच ग्लासगोचा. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडला त्याच्या नावाचं मोठं बॅनर लागलं, हाच तो निवडलेला, अशा अर्थाचं. जुन्याजाणत्यांच्या पोटात गोळा होता, कारण त्यांनी हे एकदा भोगलेलं. जुना मॅनेजर मॅट बझ्बी १९४५ पासून चोवीस वर्षं राहून १९६९ मध्ये बाजूला झाला, त्याच्यामागून आलेला विल्फ मॅकगिनेस जेमतेम दीड वर्ष टिकला, आणि १९७४ मध्ये युनायटेड थेट दुसऱ्या श्रेणीत घसरला. मोठ्या झाडाखाली दुसरं झाड लवकर वाढत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी नव्या माणसाच्या पाठीशी राहीन, असा मी शब्द दिला होता, टीव्हीसमोर बसून, डोळे पुसत.

मग हंगाम सुरू झाला. एव्हर्टन १९९२ नंतर पहिल्यांदा ओल्ड ट्रॅफर्डवर जिंकून गेले. न्यूकॅसल १९७२ नंतर पहिल्यांदा. वेस्ट ब्रॉमविचही जिंकून गेले. मार्चमध्ये लिव्हरपूलनं तीन-शून्य हरवलं, नऊ दिवसांनी सिटीनं तीन-शून्य. ते बॅनर कुणी फाडून काढू नये म्हणून स्ट्रेटफर्ड एंडला पहारा ठेवावा लागला. आणि मी? मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून इंटरनेटवर मॉयेसविरुद्ध लिहीत होते. हा माणूस घाबरट आहे, याला मोठा क्लब झेपत नाही, याला आजच्या आज काढा. एकेका ओळीखाली शेकडो लोक होकार भरत होते, लखनौचे, लागोसचे, जकार्ताचे. आम्ही कुणी कधी ओल्ड ट्रॅफर्डची पायरी चढलो नव्हतो.

२९ मार्च २०१४, शनिवार. ॲस्टन व्हिलाशी सामना. काही चाहत्यांनी वर्गणी काढून एक विमान भाड्यानं घेतलं होतं, शेपटीला फलक लावून. चुकीचा माणूस निवडला, मॉयेस चालता हो. मला ती बातमी आधीच कळली होती आणि मी ते विमान दिसायची वाट पाहत होते. खरंच वाट पाहत होते, लहान पोर चंद्राची पाहतं तशी. विमान आलं, मैदानावर घिरट्या घालू लागलं. आणि खाली बसलेल्या लोकांनी त्या विमानाची हुर्यो केली. मॉयेससाठी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी तिकिटांचे पैसे भरले होते. भर थंडीत येऊन घरच्या मैदानावरचे ते सगळे पराभव त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तक्रारीचा हक्क कुणाला असेल तर त्यांना होता. तरी त्यांनी दहा महिन्यांपूर्वीचा शब्द त्या दुपारी पाळला. मी इथे पंख्याखाली बसून विमानाच्या बाजूनं होते. मी टीव्ही बंद केला. सामना चार-एक जिंकला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून कुणी विचारतं, चाहत्यांना फर्ग्युसनच्या निवृत्तीचं एवढं दुःख का झालं, तेव्हा मला ट्रॉफींचं उत्तर देववत नाही. लोक म्हणतात, जिंकणारा गेला म्हणून रडलात. नाही हो. स्वतःला कुणी दम धरून वाढवलं, हे त्यानं जाता जाता सांगितलं आणि तोच दम आमच्याकडून मागितला. मला त्या क्षणी वाटलं होतं की एवढं तर मी नक्की देईन.

मंगळवारी, २२ एप्रिलला, मॉयेसला काढल्याची बातमी आली. संध्याकाळी बाबांचा फोन. त्यांना भावानं सांगितलं होतं.

"काढला व्हय त्याला?"

"काढला."

"किती दिवस झालं हुतं?"

"दहा महिने."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "तिथली लोकं काय म्हणत हुती?"

मी त्यांना विमानाचं सांगितलं. खालच्या लोकांनी टाळ्या कशा वाजवल्या तेही सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं. "मग ती चांगली माणसं," म्हणाले. मी कुठल्या बाजूला होते ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही आजवर सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून तुम्हाला सांगितलं.