पाचवीतल्या लेकीला आठवीची परीक्षा: कधी द्यायची, हे आम्ही कसं ठरवलं

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. इथल्या मराठी शाळेत रविवारी मुलं आत बाराखडी गिरवतात आणि आईबाप बाहेर कॉफी पीत एकमेकांच्या मुलांची माहिती काढतात. लेक तिसरीत होती तेव्हा तिथेच पहिल्यांदा ऐकलं की कुणाच्या तरी मुलाने चौथीत पीएसएटी दिली आणि आणखी कुणाची मुलगी सातवीत एसएटीला बसणार आहे. एसएटी म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा. अकरावी-बारावीची मुलं देतात. पीएसएटी ही तिच्याच धर्तीवरची, तिच्याआधीची परीक्षा. सातवीतल्या पोरीचं तिथे काय काम, असं मला वाटलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला आणखी एक शंका येतेच, की यामागे कुठला तरी क्लासवाला असणार.

क्लासवाला नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जुलियन स्टॅनली या मानसशास्त्रज्ञाने 1971 साली गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांना शोधायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. 1972 मध्ये त्याने सातवी-आठवीच्या मुलांना थेट एसएटीच्या गणिताला बसवलं. त्यातून पुढे ‘टॅलेंट सर्च’ ही पद्धत रुजली. पुढे मोठा गणितज्ञ झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या टेरेन्स टाओने नऊ वर्षांचा होण्याआधी या गणिताच्या भागात 800 पैकी 760 मिळवले होते. (हे उदाहरण आईबापांनी शक्यतो विसरावं.)

यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. पाच किलोच्या काट्यावर सात किलो ठेवा की दहा किलो, काटा पाचावरच थांबतो. शाळेतल्या परीक्षा त्या-त्या इयत्तेसाठी बेतलेल्या असतात. त्यात 99 पर्सेंटाइल मिळालेली दोन मुलं सारखीच दिसतात, पण त्यातलं एक वर्गाच्या थोडं पुढे असतं आणि दुसरं तीन वर्षं पुढे असू शकतं. त्या दोघांना आठवीची परीक्षा दिली की गुण पांगतात आणि फरक दिसू लागतो. म्हणूनच अशी परीक्षा सगळ्यांनी द्यायची नसते. आपल्या इयत्तेच्या परीक्षेत निदान 95 पर्सेंटाइलच्या आसपास असलेल्या मुलांनीच ती द्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. बाकीच्यांना ती नुसतीच अवघड जाते आणि हाती काही लागत नाही.

तिसरीत लेकीचे कॉगॅट या बौद्धिक क्षमता चाचणीचे आणि मॅपचे गणिताचे गुण 99 पर्सेंटाइलला टेकले होते. मॅप ही संगणकावरची परीक्षा इथल्या बऱ्याच शाळा वर्षातून दोन-तीनदा घेतात. बरोबर उत्तरं येत गेली तर ती प्रश्न अवघड करत नेते. म्हणजे तिच्यातून थोडंफार वरचं मोजमाप आधीच मिळत होतं. मग पीएसएटी द्यायची का? नवरा म्हणाला, द्यायला काय हरकत आहे, कळेल तरी. पुण्याहून आबांनी व्हिडिओ कॉलवर जुनाच मुद्दा मांडला, “चौथीच्या स्कॉलरशिपला तुला दोन वर्षं आधीपासून तयार केलं होतं. वेळ घालवू नका.”

मी तेव्हा एकच प्रश्न धरून बसले. समजा गुण खूप चांगले आले, तर उद्या काय बदलेल? शाळेत तिला आठवड्यातून काही तास वेगळं गणित मिळतच होतं. पुढचा निर्णय पाचवीच्या शेवटी व्हायचा होता, तोपर्यंत शाळा काहीच बदलणार नव्हती. आणि समजा गुण कमी आले, तर? तरीही काही बदललं नसतं. फक्त आठ वर्षांच्या मुलीने दोन तास अशा प्रश्नांशी झुंज दिली असती, ज्यातले निम्मे तिने कधी पाहिलेच नव्हते. तिसरीत परीक्षा दिली नाही. आबांना सांगितलं की इथे गुणवत्ता यादी लागत नाही. ते त्यांना फारसं पटलं नाही, पण विषय संपला.

आपल्याकडे परीक्षा म्हटली की ती जिंकायची असते. स्कॉलरशिप, होमी भाभा, पूर्वीची एनटीएस, सगळीकडे वरचा नंबर हेच फळ. या परीक्षेचं तसं नाही. इथे गुण म्हणजे कुणाला तरी दाखवायचा पुरावा आहे, आणि पुरावा मागणारं कुणी नसेल तर त्याचं करायचं काय?

पाचवीत मागणारं कुणीतरी आलं. मिडल स्कूलमध्ये सहावीला गणिताचे तीन स्तर होते. साधा, एक वर्ष पुढचा, आणि मोजक्या मुलांना दोन वर्षं पुढचा. शिक्षिका म्हणाल्या, एक वर्ष पुढच्या वर्गासाठी ती नक्की योग्य आहे. दोन वर्षांबद्दल त्यांनाही खात्री नव्हती, कारण त्या वर्गासाठी विचारात असलेल्या सगळ्याच मुलांचे गुण 99 होते आणि निवड शाळेची समिती करणार होती. शेवटी एक वाक्य त्यांनी जाता जाता टाकलं, “वरच्या इयत्तेचं काही मोजमाप असेल तर समितीला उपयोग होईल.” माझ्या दृष्टीने वेळ तेव्हा ठरली.

आमच्या इलिनॉय राज्यात राहणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं. इथे 2018 च्या जुलैपासून एक कायदा लागू आहे. त्यानुसार प्रत्येक सरकारी शालेय जिल्ह्याला (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाला) मुलांना एखाद्या विषयात किंवा अख्खी इयत्ता पुढे नेण्याबद्दल लेखी धोरण ठेवावं लागतं. निर्णय एकट्या मुख्याध्यापकांनी घ्यायचा नाही, त्यात आईवडील असले पाहिजेत, आणि एकाच परीक्षेवर विसंबायचं नाही. आमच्या शाळेत हे धोरण वेबसाइटच्या एका कोपऱ्यात पडलेलं होतं. मी ते छापून बैठकीला घेऊन गेले. त्यावरून कुणी नाक मुरडलं नाही, उलट बोलणं पटकन मुद्द्यावर आलं.

नोंदणी आम्ही नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ‘सेंटर फॉर टॅलेंट डेव्हलपमेंट’तर्फे केली. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी पीएसएटी 8/9 आणि मिडल स्कूलमधल्यांसाठी एसएटी, अशी त्यांची ढोबळ विभागणी. पीएसएटी 8/9 म्हणजे नावाप्रमाणे आठवी-नववीची. दोन भाग असतात. वाचन-लेखनाला 64 मिनिटं, गणिताला 70 मिनिटं, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. परीक्षा संगणकावर असते. प्रत्येक भागाचे दोन तुकडे, आणि पहिला कसा गेला त्यावरून दुसरा सोपा की अवघड ते ठरतं. प्रत्येक भागाचे गुण 120 ते 720.

तयारी किती करायची यावर घरात बरंच रणकंदन झालं. नवऱ्याने ट्यूटरचा नंबर मिळवून ठेवला होता. माझं म्हणणं, घोकून घेऊन गुण वाढवले तर मोजमापच बिघडेल. ती दोन वर्षं पुढच्या वर्गात बसेल, आणि तिथे रोज सकाळी तिच्याबरोबर ट्यूटर नसेल. पण अजिबात काही न दाखवता पाठवणंही बरोबर नाही. मुलीला प्रश्न अवघड गेला की बटण सापडलं नाही, हे गुणांवरून कळत नाही. म्हणून ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचं ‘ब्लूबुक’ ॲप उतरवून घेतलं आणि त्यातल्या सराव परीक्षेत तिला हिंडू दिलं. प्रश्नावर खूण कशी करायची, घड्याळ कसं लपवायचं, आतलं डेस्मॉसचं कॅल्क्युलेटर कसं उघडायचं, एवढंच. कॅल्क्युलेटरवर तिने आलेख काढून पाहिला आणि मग परीक्षा सोडून तेच खेळत बसली.

एक गोष्ट मात्र तिला आधी स्पष्ट सांगितली. शाळेत तिची सगळी उत्तरं बरोबर यायची, इथे येणार नव्हती. “ही परीक्षा तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या मुलांसाठी आहे. बरेच प्रश्न न येणं अपेक्षित आहे.” सगळं बरोबर येण्याची सवय लागलेल्या मुलांना हे सांगावंच लागतं. नाही तर पहिल्या अडलेल्या प्रश्नावर रडू फुटतं आणि पुढचे पाऊण तास वाया जातात. तसं होऊ शकेल असं वाटत असेल, तर माझ्या मते वर्षभर थांबावं. गुणवत्तेइतकंच हेही बघायचं, की मूल दोन तास एका जागी बसून “मला हे येत नाही” असं म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळू शकतं का. तिसरीत माझी लेक ते करू शकली नसती. पाचवीत तिने केलं.

परीक्षा एका हायस्कूलमध्ये होती. खुर्च्या तिला मोठ्या, पाय लोंबकळत. बाहेर आल्यावर तिची तक्रार गणिताबद्दल नव्हती. “आई, त्या उताऱ्यातली माणसं शंभर वर्षांपूर्वीसारखं का बोलतात?”

निकालात गणितात ती आठवीतल्या मुलांच्या सरासरीच्या बरीच वर होती. वाचनात साधारण त्यांच्या बरोबरीने. पाचवीतल्या मुलीसाठी दोन्ही उत्तमच, पण दोन्हींतला फरक आम्हाला जास्त उपयोगी पडला. कारण दरम्यान एकाने सुचवलं होतं की अख्खी एक इयत्ताच गाळा. अशा निर्णयासाठी आयोवा विद्यापीठात तयार झालेली एक मोजपट्टी आहे, आयोवा ॲक्सिलरेशन स्केल. तिच्यात वरच्या इयत्तेच्या परीक्षेचे गुण येतात, पण त्यांच्याबरोबर मुलाची स्वतःची इच्छाही येते. मुलाला इयत्ता गाळायची नसेल तर ती गाळू नये, असं ती स्पष्ट सांगते. लेकीला विचारलं, तर तिने आधी मैत्रिणींची नावं मोजली आणि नको म्हणाली. इयत्ता गाळण्याचा विषय मागे पडला, गणितापुरता दोन वर्षं पुढचा वर्ग मिळाला. समितीने मॅपचे गुण, शिक्षिकेचा शेरा आणि पीएसएटी हे तिन्ही समोर ठेवूनच ठरवलं.

धाकटा आता पाचवीत आहे. त्याचेही गणिताचे गुण तसेच, 99. त्याला आम्ही बसवलं नाही. त्याच्या वर्षापासून शाळेने दोन वर्षं पुढच्या वर्गासाठी स्वतःचीच सहावीच्या गणिताची परीक्षा ठेवली आहे, म्हणजे हवं ते मोजमाप शाळेतच होतं. मराठी शाळेतल्या एका आईने विचारलं, “मुलीला दिलीत आणि मुलाला का नाही?” मी कारण सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून तिला तो भेदभावच वाटला असावा.

लेक आता सातवीत. इथे पुन्हा घाई सुरू होते, कारण तेरावं वर्ष पूर्ण होण्याआधी एसएटीच्या एका भागात 700 हा आकडा असामान्य मुलं निवडण्याच्या हॉपकिन्सच्या जुन्या निकषामुळे आईबापांच्या डोक्यात पक्का बसला आहे. त्या आकड्यासाठी आम्ही काहीच करणार नव्हतो. पण उन्हाळ्यातल्या एका निवासी गणित कोर्सला पात्रतेसाठी गुण लागतात, आणि तो कोर्स तिने स्वतः शोधून काढला आहे. तेरा वर्षांखालच्या मुलांना कॉलेज बोर्डाच्या साइटवर स्वतःचं खातं उघडता येत नाही, म्हणून कागदपत्रं माझ्याकडे आली आहेत. नवरा मार्च म्हणत होता. मार्चमध्ये तिची सायन्स ऑलिम्पियाडची धावपळ असते, म्हणून डिसेंबर ठरला.