कोल्हापूर ते कराड, गिअरच्या पहिल्या गाडीवर: चार महिन्यांच्या नोंदी

ऑक्टोबर 2025, पहिला आठवडा. माझे घर कोल्हापुरात आणि नोकरी कराडला असल्यामुळे आठवड्यातले चार दिवस पुणे-बंगळूर महामार्गावर जाऊन-येऊन जवळजवळ दीडशे किलोमीटर होतात. आजवर हा प्रवास कावळा नाक्यावर उभे राहून, मिळेल त्या एसटीने केला. आता तो मोटारसायकलने करायचे ठरवले आहे. स्कूटर मी वीस वर्षे चालवते, पण क्लच कधी हातात घेतलेला नाही. स्कूटरवरूनच का जात नाही, असे घरात सर्वांनी विचारले. त्याचे उत्तर चाकात आहे. स्कूटरचे चाक दहा-बारा इंचांचे असते आणि मोटारसायकलचे सतरा-अठरा इंचांचे, त्यामुळे ज्या खड्ड्यात स्कूटरचे चाक उतरते, त्यावरून मोठे चाक बऱ्याचदा निभावून नेते. कागल ते सातारा या टप्प्यात सहापदरीकरणाचे काम चालू असताना हा फरक रोज शंभर वेळा जाणवणार आहे.

माझा परवाना विनागिअरचा असल्यामुळे गिअरच्या गाडीसाठी पुन्हा शिकाऊ परवाना काढावा लागला. त्यानंतर पक्क्या चाचणीसाठी किमान तीस दिवस थांबावे लागते, आणि ते दिवस मी शिकण्यात घालवले. सकाळी सहाला शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्यांवर, सासऱ्यांची जुनी स्प्लेंडर आणि शिकवायला धाकटे दीर. पहिल्या दिवशी त्यांनी अॅक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही. "वहिनी, आज फक्त क्लच. गाडी स्वतःहून कुठं सरकायला लागते तेवढं बोटांना कळू दे." अर्धा तास मी नुसती क्लच सोडत आणि दाबत वीस-वीस फूट पुढे सरकत होते. तो अर्धा तास पुढे सर्वात जास्त कामाला आला, हे मी आज चार महिन्यांनी लिहीत आहे.

ऑक्टोबर, तिसरा आठवडा. कोल्हापुरात "लांब जायला गाडी घ्यायची आहे" असे म्हटले की समोरच्या दहापैकी आठ जण "बुलेट घ्या" म्हणतात, आणि उरलेले दोघे आपली बुलेट विकायला काढलेली असते म्हणून तेच सांगतात. मला आधी गरज किती आहे ते मोजायचे होते. चारपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे ताशी दीडशेने धावणारी गाडी घेतली, तरी तिचा वरचा अर्धा भाग मला वापरायचाच नाही. प्रश्न एवढाच उरतो की ताशी 80 ने तासभर चालताना गाडीकडे शिल्लक किती राहते.

वाऱ्याला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 60 वरून 80 वर जाताना ती जवळजवळ सव्वादोन ते अडीच पट होते. माझे ढोबळ गणित असे निघाले की सपाट रस्त्यावर, वारा नसताना, सरळ बसलेल्या माणसाला घेऊन ताशी 80 ने चालायला चाकाशी पाच-सहा पीएस (अश्वशक्ती) लागतात, आणि समोरून ताशी वीसचा वारा आला की तोच आकडा आठच्या घरात जातो. स्प्लेंडरचे इंजिन 97.2 सीसीचे आणि सुमारे आठ पीएसचे आहे. गावात तिच्यासारखी गुणी गाडी नाही, पण वारणेच्या पुलावर समोरून वारा असताना तिच्याजवळचे सगळे संपलेले असते आणि मागे ट्रक असतो. आपल्या मार्गावर घाट नाही. खंबाटकी कराडच्या बरीच पुढे आणि तवंदी निपाणीच्या पलीकडे. त्यामुळे माझ्या दृष्टीने चढापेक्षा वाऱ्याचा हिशेब महत्त्वाचा ठरला.

ऑक्टोबर, शेवटचा आठवडा. या नोंदीत एक पडणे आहे. ओळखीच्या एका कुटुंबाची साडेतीनशे सीसीची, जवळजवळ दोनशे किलोची गाडी मी चालवून पाहायला घेतली होती. सरळ रस्त्यावर तिने मला फार खूश केले. इतकी संथ आणि ठाम चाल मी आधी अनुभवली नव्हती. परतताना सर्व्हिस रोडवर वळून थांबायचे होते. हँडल पूर्ण वळलेले, वेग चालण्याइतका, बाजूची पट्टी रस्त्यापेक्षा चार बोटे खाली, आणि मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि डावीकडे कलली. डावा पाय टेकवला तर खाली जमीनच अपेक्षेपेक्षा खोल होती. वजन एका मर्यादेपर्यंत मांडीवर तोलले जाते आणि त्यापुढे अजिबात जात नाही, हे त्या क्षणी समजले. क्रॅश गार्डमुळे गाडीला फक्त ओरखडा आला आणि माझ्या घोट्याला सूज. दोष गाडीचा नव्हता. हँडल वळलेले असताना, रांगत्या वेगात पुढचा ब्रेक ओढायचा नाही, मागचाच वापरायचा, हा धडा मला शेंडा पार्कात मिळाला होता आणि मी तो विसरले होते. उसाच्या गाडीवरून उतरलेल्या दोघांनी ती उचलून दिली. एकटीने मला ती उचलता आली नसती.

त्या दिवसापासून माझ्या यादीत पहिला रकाना शक्तीचा राहिला नाही, वजनाचा आणि बैठकीच्या उंचीचा आला. महामार्गाची गाडी निवडताना आपण सगळे ताशी 80 वरचे विचार करतो, पण शिकाऊ माणूस पडतो तो शून्य ते दहाच्या दरम्यान, आणि कराडपर्यंतच्या वाटेवर डायव्हर्जन, सर्व्हिस रोड आणि फाटे मिळून असे प्रसंग रोज पंधरा-वीस येतात.

नोव्हेंबर, पहिला पंधरवडा. परवान्याची चाचणी झाली; आठाचा आकडा पाय न टेकता काढला. आता प्रत्यक्ष निवड. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे, म्हणून खाली दिलेली मते त्या मापाची समजावीत.

होंडा युनिकॉर्न: 162.7 सीसी, साधारण 140 किलो, बैठक 798 मिलीमीटर. शिकायला याहून सोपी गाडी मला मिळाली नाही, आणि कोल्हापूर-पेठ नाका इतकेच अंतर असते तर मी हीच घेतली असती. पाच गिअर आणि तेरा पीएसच्या आसपासची शक्ती ताशी 80 ला पुरते, पण समोर वारा आणि बाजूला ट्रक असला की हातात फारसे काही उरत नाही. हंटर 350: बैठक 790, पण वजन 181 किलो. चालताना हे वजन कुठे जाते कळत नाही, थांबल्यावर मात्र लगेच कळते. अॅव्हेंजर 220 ची बैठक 737 मिलीमीटर, म्हणजे दोन्ही पाय सपाट टेकतात, आणि यादीत मला तिचेच सर्वाधिक आकर्षण होते. परंतु पाय पुढे आणि छाती वाऱ्याला उघडी अशा बसण्यात अर्ध्या तासाने हँडलला लोंबकळल्यासारखे होते. ट्रायम्फ स्पीड 400 चे चाळीस पीएस मला वर्षभर तरी नको आहेत. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर 18 टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ती इच्छा आपोआप शांत झाली.

राहिली सुझुकी जिक्सर 250. 249 सीसीचे ऑइलने थंड होणारे इंजिन, 26.5 पीएस, सहा गिअर, 156 किलो आणि दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचे असले, तरी पुष्कळ गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते. घाबरल्यावर मागचा ब्रेक लाथेसारखा दाबणाऱ्या माझ्यासारखीला दोन्हीकडे हवे होते. सहाव्या गिअरमध्ये ताशी 80 ला इंजिन पाच हजार फेऱ्यांच्या आसपास निवांत असते. तिची बैठक युनिकॉर्नइतकीच उंच, पण पुढे निमुळती असल्यामुळे एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा टेकतो. पेट्रोलचा हिशेबही केला. महिन्याला 2400 किलोमीटर धरले, तर लिटरला 50 देणारी गाडी 48 लिटर पिते आणि 35 देणारी साधारण 69. हे वीस लिटर जास्तीचे आहेत, आणि ते मी डोळे उघडे ठेवून मान्य केले.

नोव्हेंबर, शेवटचा आठवडा. नवी गाडी पहिल्या वर्षी माझ्या हातून दोनदा तरी आडवी होणार, अशी खात्री असल्याने जुनी शोधली. एमएच-10 (सांगली) पासिंगची, तीन वर्षे वापरलेली एक गाडी मिळाली आणि उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मेस्त्रींना घेऊन पाहायला गेले. त्यांनी चावीही मागितली नाही. प्रथम इंजिनवर तळहात ठेवला. "गार आहे. गरम असतं तर म्हटलं असतं उद्या येतो. गार इंजिन सुरू होताना जे बोलतं ते खरं असतं, ताई." मग मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात बोटाने चाचपले, झिजले की ते एका बाजूला आकड्यासारखे वाकतात. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर बोट फिरवून तेलाचा ओशटपणा पाहिला, पुढचे चाक उचलून धरायला लावून हँडल हळूहळू दोन्हीकडे वळवले आणि मध्यभागी ते अडखळते का, म्हणजे कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेला आहे का, ते तपासले. टायरवरचा चार अंकी आकडा मी वाचला: 1822, म्हणजे 2022 मधला अठरावा आठवडा. टायर गाडीबरोबरचाच होता आणि तो बदलावा लागणार हे धरून किंमत उतरवली. मालकी बदलण्याच्या कागदांचे काम नमुना 29 आणि 30 वर झाले. आधीच्या मालकाने कर्ज फेडले होते, तरी बोजा उतरवलेला नसल्यामुळे त्याच्याकडून बँकेचा नमुना 35 येईपर्यंत पैसे दिले नाहीत. यावरून त्याला थोडा राग आला, आणि तो मी चालू दिला.

डिसेंबर. पहिले दोन रविवार फक्त किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन परत. दुचाकीला टोल नाही, पण कडेच्या अरुंद मार्गातून जाताना तिथल्या वाळूवर चाक सरकते, म्हणून वेग आधीच कमी करावा. त्यानंतर कराड. पहिल्या आठवड्यातली सर्वात मोठी शिकवण ट्रकच्या बाजूची होती. ट्रक ताशी 70 ने आणि आपण 80 ने असलो, तर त्याला पार करायला मागचे-पुढचे अंतर धरून पंधरा-अठरा सेकंद लागतात. एवढा वेळ आपण त्याच्या आडोशाला असतो, वारा बंद होतो, आणि केबिनच्या पुढे जाताच वारा एकदम बाजूने थप्पड मारतो. हात सैल ठेवून गुडघ्यांनी टाकी धरली की गाडी स्वतःच सावरते. हँडल आवळले तर तीच थप्पड चाकापर्यंत पोहोचते. दुसरी गोष्ट डायव्हर्जनची. नव्या आणि जुन्या थरामधली दोन-तीन इंचांची कड रस्त्याला समांतर धावत असते. तिच्यावर तिरपे रेंगाळत चढू नये. वेग कमी करून, जरा बाजूला होऊन, कोन मोठा करून ओलांडावी.

जानेवारी 2026. गळीत हंगाम भरात आहे. कामेरीच्या पुढे संध्याकाळी सातला एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टरच्या जागी पोते लोंबत होते आणि रस्त्यावर उसाची कांडी पडलेली. मला ती दिसली तेव्हा मी ताशी 65 वर होते म्हणून निभावले. ताशी 80 ला एक सेकंद विचारात गेला की बावीस मीटर संपतात आणि नंतर चांगल्या ब्रेकलाही चाळीसेक मीटर लागतात. माझ्या डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्याचा, उपयोगी उजेड तेवढा लांब जातच नाही. दिवा बदलण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. मी त्याऐवजी कार्यालयातून निघण्याची वेळ बदलून घेतली, आणि अंधार पडल्यावर 60 च्या वर जात नाही. आणखी एक किरकोळ नोंद: पाचशे किलोमीटरला चेनला तेल हा नियम इतरांना महिन्याचा असतो, मला तो दर आठवड्याचा आहे, म्हणून शुक्रवार ठरवून टाकला.

फेब्रुवारी, दुसरा आठवडा. माझ्या हातून 5,200 किलोमीटर. गाडी एकदाच आडवी झाली, तीही घरासमोर, स्टँड पूर्ण न उघडता उतरल्यामुळे. आता एकच तक्रार शिल्लक आहे: उजव्या हाताची दोन बोटे बधिर होतात. मेस्त्रींनी गाडीऐवजी माझा हात पाहिला. मनगट वर मोडून मी मूठ धरत होते, कारण ब्रेकचा लिव्हर फार वर बसवलेला होता. त्यांनी तो पान्याने बोटभर खाली फिरवला आणि मूठ इतकी आवळू नका म्हणाले. बोटे पूर्वी किणीच्या आधीच बधिर व्हायची. सोमवारी कामेरीला झाली, मंगळवारी पेठ नाक्याला, आणि काल कासेगाव मागे पडले तरी बोटे जागी होती.