गोदावरीच्या दुसऱ्या टोकाचा पांडुरंग

नाशिकजवळच्या ओझरला, एचएएल या विमान कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमच्या शेजारी एक तेलुगू कुटुंब राहायचं, राजमुंद्रीचं. आंटी पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा आईने गाव विचारलं, त्या म्हणाल्या गोदावरी के किनारे, आई म्हणाली हम भी गोदावरीवाले, आणि तिथून दोघींचं जे जमलं ते अंकलची बदली होईपर्यंत. एका उन्हाळ्यात त्यांनी गावाहून एक कॅसेट आणली, आम्ही एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला आणि सगळे खाली सतरंजीवर बसलो. सिनेमा होता 'पांडुरंग महात्म्यम', १९५७ चा, एन. टी. रामारावांचा.

माझी आजी वारकरी. दर पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी जाणारी. तिला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. आंटी मध्ये मध्ये हिंदीत सांगायला लागल्या तर आजीच त्यांना पुढचं सांगायला लागली, हा आता आईबापाला घराबाहेर काढणार बघा, हे कुक्कुट ऋषी, आता ह्याचे डोळे उघडतील. पाय गेलेला पुंडलिक जमिनीवर फरफटत आईला हाक मारतो तिथे आंटी रडत होत्या आणि आजीने चष्मा काढून पदराने डोळे पुसले. शेवटी विटेवर पांडुरंग उभा राहिला आणि दोघींचे हात एकदमच जोडले गेले. आंटी 'पांडुरंगडु' म्हणायच्या, पंढरपूरला 'पंढरीपुरम', ते मला अजून तसंच ऐकू येतं.

तेव्हापासून मी हे जुने दक्षिणेकडचे भक्तीपट जमेल तसे शोधून बघतेय आणि दर वेळी आपलंच कुणीतरी भेटतं. तमिळमधला 'हरिदास' घ्या, १९४४ चा, गायक-नट त्यागराज भागवतरांचा, तो मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरला इतका चालला की त्याने तीन दिवाळ्या बघितल्या, आणि गोष्ट काय तर आईवडिलांना छळणारा मुलगा, ऋषींना लाथ मारल्यावर पाय गमावतो आणि मग सेवेला लागतो. आजी असती तर पाचव्या मिनिटाला म्हणाली असती, अगं हा तर आपला पुंडलिक. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ ला आला आणि दोनच वर्षांत कोइम्बतूरच्या सेंट्रल स्टुडिओने तमिळमध्ये तुकाराम केला, तुकोबा झाले मुसिरी सुब्रमण्य अय्यर, म्हणजे कर्नाटक संगीतातला केवढा मोठा गवई, आणि आयुष्यात सिनेमा केला तो हा एकच. आपला गोरा कुंभार १९४८ ला मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या 'चक्रधारी'त नट नागय्यांनी केला. हे तेच नागय्या ज्यांनी पोतना, त्यागराज, वेमना असे तेलुगू संत पडद्यावर उभे केले.

आता हे तिकडे पोचलं कसं? सुरुवातीला मद्रासला बोलपट काढायला स्टुडिओच नव्हता, पहिला झाला १९३४ ला, त्याआधी मंडळी मुंबई, कोल्हापूर, कलकत्त्याला येऊन शूटिंग करायची, तेलुगूचा पहिला बोलपट 'भक्त प्रह्लाद'सुद्धा मुंबईतच झाला. पण खरं कारण त्याहून जुनं आहे, तंजावर. तिथे मराठ्यांचं राज्य होतं, आपले कीर्तनकार तिथे जायचे, आणि तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं त्याच नावांनी म्हणतात. सिनेमा यायच्या कितीतरी आधी तुकोबा त्या लोकांच्या कानात बसलेले होते.

आणि एक गोष्ट उलट दिशेने आपल्याकडे यायला हवी होती ती आलीच नाही असं मला फार वाटतं. नंदनार. हा तमिळ शिवभक्त, शेतमजूर, अस्पृश्य मानलेल्या जातीचा, चिदंबरमच्या नटराजाचं दर्शन एवढीच इच्छा, आणि आत जायला बंदी. १९३५ च्या सिनेमात नंदनार झाल्या के. बी. सुंदरांबाळ, एका बाईने पुरुष संताचं काम केलं आणि त्याचे एक लाख रुपये घेतले, त्या काळात. कथेत नंदनारला आगीतून जावं लागतं, मग तो 'शुद्ध' होऊन आत जातो. मला हे बघवत नाही. आग कशासाठी? त्याने काय केलं होतं? आमच्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, पाचेक वर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि मग १९३५ च्या ऑक्टोबरात इथल्याच येवल्याला त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे ज्या वर्षी पडद्यावर नंदनार आगीत चालत गेला त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात एका माणसाने आगीतून जायला नकार दिला. त्याच वर्षी प्रभातचा 'धर्मात्मा' आला, संत एकनाथांवरचा, आणि मूळ नाव 'महात्मा' होतं ते सेन्सॉरमुळे बदलावं लागलं. काळारामाच्या पूर्व दरवाज्यावरून जाताना मला हल्ली चोखोबांसोबत नंदनारही आठवतो, दोघंही बाहेरच उभे.

आंटींचा मागच्या महिन्यात फोन आला होता, आता गोदावरीच्या काठीच राहतात. आजी गेल्याचं त्यांना माहीत होतं. तरी म्हणाल्या, वो कॅसेट अभी भी है, चलती नहीं, लेकिन फेंका नहीं.