कोजागरीच्या रात्रीची मुंबई

नाशकात गावातल्या वाड्यावाड्यांतून व्हायची तशीच आमच्या मंडळाचीही कोजागरी व्हायची. भेंड्या, एखादं नाट्यगीत, बाराला चंद्राला नैवेद्य आणि मग दूध. फरक एवढाच की आमच्याकडे दुधाआधी मुंबई असायची. रविवार कारंजाजवळच्या वाड्याच्या गच्चीवर सतरंज्या पसरल्या की कोणीतरी म्हणायचं, "चला, आधी मुंबईला जाऊन येऊ." मग दोन-अडीच तास मुंबईच्या जुन्या माणसांच्या आणि भानगडींच्या गोष्टी चालायच्या.

यामागे फार मोठा विचार नव्हता. मंडळातली निम्मी माणसं नोकरीपुरती मुंबईची होती. जुनी पिढी गिरगाव-परळला खोली करून राहिलेली आणि रिटायर झाल्यावर परत आलेली. १९७५ साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली तशी सकाळी जाऊन रात्री घरी जेवणाऱ्या पासवाल्यांची त्यात भर पडली. नाशिकच्या गोष्टी तर सगळ्यांनाच पाठ. रामकुंडाची गोष्ट नाशिककराला काय सांगणार?

नियम एकच होता, तोही कोणी कागदावर लिहिलेला नाही: गोष्ट ज्याची त्याची. पोर्ट ट्रस्टवाल्या काकांची गोष्ट दुसऱ्याने सांगायची नाही. ते आजारी असले तर त्या वर्षी ती गोष्ट बंद. दरवर्षी तीच गोष्ट, त्याच शब्दांत आणि त्याच जागी थांबून. आम्हा पोरांना ती पाठ असायची, तरी आम्ही पुढे सरकून बसायचो. नवीन गोष्ट कानाला बरी वाटते, पण जुन्या गोष्टीत सांगणारा एखादं वाक्य विसरला की पकडता येतं, आणि खरी मजा त्यात असते असं माझं मत आहे.

सुरुवात वाड्याचे मालक करायचे. पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, १६६१च्या करारात मुंबई हुंड्यात दिली गेली, आणि १६६८मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. 'दहा पौंड' म्हणताना ते आपल्या जुन्या भाडेकरूंकडे रोखून बघायचे. भाडेकरू गच्चीच्या कठड्याला टेकून आकाशात चंद्र शोधायचे. एवढीच गोष्ट, पण तिच्यावर हशा पिकायचा.

मग पोरांसाठी घारापुरीचा दगडी हत्ती. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली हा हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे जोडून राणीच्या बागेत उभे केले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो हत्ती आजही आहे. "म्हणून नाही म्हटलं की ओढायचं नसतं," अशी समारोपाची पुस्ती जोडून ही गोष्ट सांगणाऱ्या बाई हक्काने स्वतःच्या मुलाकडे बघायच्या.

आवाबाईंची गोष्ट पलीकडच्या वाड्यातल्या आजींची. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी. होड्या उलटायच्या, माणसं बुडायची, आणि सरकार पुलाला पैसे द्यायला तयार नव्हतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई, त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये काढून दिले. अट एकच, या रस्त्यावर कधी टोल घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. आजी आकडा सांगताना पदर सावरायच्या, जणू रक्कम त्यांच्याच कनवटीची होती. हल्लीच्या काळात या गोष्टीनंतर एक ठरलेला आवाज यायचा: "घोटीच्या टोलनाक्यावर बाईंचा फोटो लावा रे कोणीतरी!"

शेअरबाजारातले एक दादा जुन्या मुंबईतले कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या गोष्टीवर अधिकार सांगायचे. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा ओसंडला तसे लोक समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर डोळे मिटून घेऊ लागले. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि त्याबरोबर बँका, कंपन्या, घरंदाज माणसं आणि खुद्द प्रेमचंदशेठ असे सगळे खाली आले. मागे राहिला राजाबाई टॉवर. विद्यापीठाला दिलेल्या त्यांच्या पैशातून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा. त्याच १८६५मध्ये थळ घाटातून रेल्वे वर चढली. दादा म्हणायचे, मुंबई बुडाली त्या वर्षी नाशिकला वाट मिळाली. १९९२ साली शेअरबाजार हादरला तेव्हा कोजागरीला ही गोष्ट त्यांनी फार घाईत उरकली, आणि कोणी प्रश्नही विचारले नाहीत.

पण रात्रीचा कळस पोर्ट ट्रस्टवाले काका. कढईतलं दूध तोवर आटत आलेलं असायचं. एक काकू उलथन्याने कडेची साय खरवडून आत ढकलत असायच्या, आणि काका सुरू झाले की तेवढा खरवडण्याचा आवाज बंद व्हायचा. काका मनगटावरचं एचएमटी सोडून तळहातावर ठेवायचे आणि ट्यूबच्या उजेडात धरायचे. "चार वाजून सहा मिनिटं."

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलेलं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. या तीन गोष्टी एका जहाजात कोणी भरल्या असतील, हा प्रश्न काका दरवर्षी विचारायचे आणि दरवर्षी आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "युद्ध होतं!" दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंबवाले आले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. बाजूची जहाजं गेली, गोदामं गेली, जळता कापूस वस्त्यांवर पडला. शेकडो माणसं मेली. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. म्हणूनच देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. इथे काका थांबायचे. काकांचे वडीलही गोदीतच होते, त्या दिवशी पाळी दुसरी होती म्हणून वाचले. हे वाक्य ते शेवटी, घड्याळ परत बांधता बांधता म्हणायचे.

मग लोकांना हवं असलेलं सोनं. एकेक वीट पावणेतेरा किलोची. एक तर उडून दूरवर एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्यांनी ती नेऊन परत दिली. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं, १९७०च्या दशकातही, विटा सापडत होत्या. "सापडलेल्या सगळ्या दिल्या का हो?" असं कोणीतरी विचारायचंच. काका हसायचे आणि ग्लास पुढे करायचे.

खरा वाद यानंतर. आजींचं म्हणणं, त्या संध्याकाळी नाशकात त्यांच्या फडताळातली भांडी खणखणली होती. गणित शिकवणारे मास्तर म्हणायचे, अशक्य. ऐंशी किलोमीटरपर्यंत आवाज गेला असं छापून आलंय, नाशिक त्याच्या दुप्पट. "सिमल्याच्या यंत्रावर हादरा उमटला म्हणतात, मग माझ्या भांड्यांनी काय पाप केलं?" हे आजींचं उत्तर. मास्तरांना ते कधी खोडता आलं नाही. आवाज वेगळा आणि जमिनीचा हादरा वेगळा, हे ते समजावू लागेपर्यंत दूध यायचं.

मास्तर एरवी रात्रभर मागून "पुरावा?" असं ओरडणारे. पण त्यांचीही एक गोष्ट होती, आणि ती सुरू झाली की सगळी गच्ची सूड उगवायची. गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. त्र्यंबकेश्वरचं पोर मुंबईत जातं, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं याचं थोडं थोडं चित्रण करून भांडवलदाराला पटवतं, आणि बायकोचे दागिने गहाण टाकून दादरला 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतं. तारामतीचं काम करायला बाई मिळेना. ग्रँट रोडच्या हॉटेलात दहा रुपयांवर राबणारा साळुंके पंधरा रुपयांवर तारामती व्हायला तयार झाला. मिशी काढायला मात्र कोणी राजी नव्हतं. बाप जिवंत असताना मिशी कशी उतरवायची? नटांना घरी सांगताना लाज वाटू नये म्हणून फाळके म्हणत, सांगा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. ३ मे १९१३ला कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. आणि १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तोच साळुंके रामही झाला आणि सीताही.

"पुरावा?" असं इथे वीस तोंडांतून यायचं. मास्तर चिडायचे, चष्मा काढायचे, आणि मग मूळ भांडण पेटायचं: फाळके कोणाचे? पासवाले म्हणायचे, चित्रपट मुंबईत झाला, बास. मास्तर म्हणायचे, जन्म त्र्यंबकचा, पुढची कंपनी नाशकात, आणि शेवटचा श्वासही नाशकातच, फेब्रुवारी १९४४. "म्हणजे गोदी उडायच्या दोन महिने आधी," काका हळूच घालायचे. तारखांच्या बाबतीत या दोघांचं कायम जमायचं.

आता तो वाडा नाही. मंडळ कॉलेज रोड, इंदिरानगर, गंगापूर रोड असं पांगलं, आणि कोजागरी एका सोसायटीच्या टेरेसवर होते. दूध केटरर देतो. ते चांगलं असतं, पण साय खरवडायला कढई नसते. मधे काही वर्षं पोरं मोबाईलवर बघून गोष्टी सांगू लागली. सगळं बरोबर असायचं आणि कोणी भांडायचं नाही, त्यामुळे लोक लवकर घरी जायचे.

गोदीची गोष्ट गेल्या वर्षीपासून काकांच्या नातीकडे आहे. तिने सोन्याच्या विटेचं वजन बारा किलो सातशे सांगितलं तेव्हा मागून लगेच आवाज आला, "आजोबा पावणेतेरा म्हणायचे!" तिने पन्नास ग्रॅमवरून चांगलं दहा मिनिटं भांडून दाखवलं. मास्तर नव्वदीला टेकलेत, खुर्चीवर बसतात, पण नातीला त्यांनी पास केलं. आवाबाईंच्या गोष्टीवर मात्र सध्या दोघींचा दावा आहे, आजींची सून आणि आजींची मुलगी. यंदा दोघींनाही सांगू द्यायचं ठरलंय. त्यामुळे रात्र लांबणार आणि दूध दहा लिटर जास्त लागणार, असं खजिनदारांनी वर्गणीच्या चिठ्ठीवर आधीच लिहून टाकलंय.