एकच दाढ हलतेय? काढण्याआधी हिरडी तपासून घ्या

पायरिया सहसा एकाच दाताला धरून बसत नाही. कीटण साचतं तिथे तिथे हिरड्या सुजतात, हाड वर्षानुवर्षं हळूहळू झिजतं. म्हणून बाकी तोंड ठीक असताना एकाच दाढेजवळची हिरडी खरखरीत, दाणेदार फुगली, हात लागताच रक्त येऊ लागलं आणि ती दाढ काही आठवड्यांतच हलायला लागली, तर हिरडीच्या कर्करोगाची शंका घ्यायलाच हवी. तो बहुतेकदा खालच्या दाढांपाशी होतो. सुरुवातीला दुखत नाही, तिथेच फसगत होते. तंबाखूला कधी न शिवलेल्यांनाही तो होतो.

हिरडी पातळ असते, खाली लगेच हाड. त्यामुळे रोग लवकर जबड्यात शिरतो आणि दात सैल होतो. अशा वेळी दात उपटला तर रोगाला हाडात शिरायला वाट मिळते आणि निदानही लांबतं. एरवी दाताच्या खळग्यावर तीन-चार आठवड्यांत नवी त्वचा येते. त्याऐवजी खळग्यातून मांस वर येऊ लागलं, तर ते पुन्हा नुसतं खरवडून काढू नये, तपासायला पाठवावं.

कारण स्पष्ट दिसत असेल तर ते आधी दूर करावं: स्केलिंग करावं (दातांवरचं कीटण खरवडून काढावं), टोचणारा दात किंवा कवळीची कड घासावी. मग २ आठवड्यांनी तीच जागा पुन्हा पाहावी. बरी झाली नसेल तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स नको. वरचा जंतुसंसर्ग कमी होऊन बरं वाटतं आणि महिना वाया जातो. ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, जबड्याखाली टणक गाठ लागली, तर हे २ आठवडेही थांबू नये. एक्स-रेत हाड उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसलं तर संशय बळावतो, पण स्वच्छ एक्स-रेने तो फिटत नाही.

बायोप्सीने कर्करोग पसरतो ही भीती अनेकांना अडवते. ती निराधार आहे. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात आणि तो टिकावा म्हणून १० टक्के फॉर्मालिनच्या द्रावणात पाठवतात. तुकडा कडेचा हवा, पुरेसा खोल, शेजारची थोडी चांगली हिरडी धरून. मधल्या भागात बऱ्याचदा मेलेल्या पेशीच सापडतात. रिपोर्टमध्ये ‘फक्त सूज’ आलं आणि जखम मात्र तशीच राहिली, तर बायोप्सी पुन्हा करायला सांगा, या वेळी अधिक खोलवरून.